पोटलं संपेपर्यंत पुरणारी गोष्ट

आक्का, परवा तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. गावाकडून आलेली माणसं पॅसेंजरने परत गेली आणि घर पुन्हा आपल्या दोन खोल्यांएवढं झालं. आज सकाळी शेठचा माणूस नेहमीसारखं साड्यांचं पोटलं दारात टाकून गेला. या घरात साड्यांचे सुटे धागे कापायला आता एकच बाई उरली आहे, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मी गाठ सोडली, वरची साडी मांडीवर घेतली, कात्री उचलली आणि जुन्या सवयीने गप्प बसून राहिले. तू सुरू करशील म्हणून.

भावकीतल्या बायका इतके दिवस तुझं चांगलंच बोलत होत्या. कामाची होती, सोशिक होती, कधी कुणाला उलट बोलली नाही. मी ऐकून घेतलं. माझ्याशी तर तू रोज उलट बोलायचीस. आपल्या दोघी जावांचं भांडण चुलीवरून झालं नाही, पाण्याच्या पाळीवरून झालं नाही. झालं ते पुस्तकांवरून, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू मधेच उठून गेलीस.

मी लग्न होऊन सुरतेला बमरोलीत आले तेव्हा मला झोप लागत नसे. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, त्याची खटखट थांबायचं नाव नाही. आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा नवरा आणि माझा, दोघंही लूमवर. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी. म्हणजे घरात कायम एक पुरुष झोपलेला. मला माहेरची आठवण यायची आणि रडायला जागा नव्हती. एका दुपारी मोरीच्या आडोशाला डोळे पुसताना तू मला पकडलंस.  ट्रंकेतून एक पातळ पुस्तक काढलंस, कव्हरवर गुलाबी साडीतली बाई आणि मागे डोंगर, आणि माझ्या हातात दिलंस.

"रडी ले माय," तू म्हणालीस, "पण हे वाचता वाचता रड. लोकेस्ले वाटी, गोष्टमुळे रडी ऱ्हायनी."

मी वाचत गेले आणि रडत गेले. धरणाच्या कॉलनीत नवी आलेली शिक्षिका, तिथला अबोल इंजिनियर, मधे एक गैरसमज, एक बदली, आणि शेवटी कालव्याच्या काठावर दोघं उभी. भाकरीचं पीठ मळायची वेळ झाली तेव्हा पुस्तक संपलं होतं आणि माझं रडणंही. त्या घरात मी कुणाची तरी झाले असेन तर ती त्या दुपारी, आणि तुझी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. जाऊ जावेला असं सांगत नाही.

नंतर आपली रीतच पडली. झोपलेल्या माणसाला त्रास नको म्हणून ओट्यावर बसायचं, एकीने धागे कापायचे, दुसरीने लूमच्या आवाजावर आवाज चढवून वाचायचं, आणि अर्ध्यावर काम बदलायचं. गावाहून येताना तू नंदुरबारच्या स्टँडवर उतरायचीस ती फक्त या पातळ पुस्तकांसाठी. दुकानदार तुला मोठमोठ्या लेखकांची जाड पुस्तकं दाखवायचा. तू ती हातावर तोलून परत ठेवायचीस.

तुझं म्हणणं साधं होतं. गोष्ट पोटलं संपेपर्यंत पुरली पाहिजे आणि पोटल्याबरोबर संपली पाहिजे. आपल्याला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्याने. मोठं पुस्तक मधे सुटलं की सुटलं. कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न निघतं, आणि परत उघडलं की त्यातली माणसं ओळखू येत नाहीत. लहान पुस्तकातल्या माणसांना आपण स्वतः दारापर्यंत पोचवून येतो. मी हट्टाने एकदा माहेरून एक जाड कादंबरी आणली होती. पोटल्यांवर पोटली गेली तरी नायिका अजून कॉलेजातच होती आणि नायक परदेशात. तू पुस्तक पालथं घातलंस आणि विचारलंस, यांना भेटवायचं कधी, आपण मेल्यावर?

मी म्हणायचे की तुझी ही लहान पुस्तकं फसवतात. लग्न ठरलं की संपली. खरं तर तिथून पुढेच सगळं सुरू होतं. ते कोण लिहिणार? तू म्हणायचीस, जिला रोज भाकरी थापायची आहे तिला भाकरी थापणाऱ्या बाईचं पुस्तक कशाला पाहिजे? आणि मग तुझं ते वाक्य, जे ऐकून मी हसता हसता साडीला कात्री लावली होती: शंभर पानांत सासू मावत नाही, म्हणून ही पुस्तकं चांगली.

हसणं आठवलं की तो दुसरा दिवसही आठवतो. पुस्तकातला नायक म्हणाला होता, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू थांबलीस आणि म्हणालीस, हे आपल्या बोलीत म्हणून बघ. मी म्हणाले, "मनं तुनावर प्रेम शे." आपण दोघी इतक्या हसलो की आतून आप्पा खोकले. पुस्तकात सगळे पुस्तकी मराठीत प्रेम करायचे आणि आपण घरात अहिराणी बोलायचो. हसून झाल्यावर तू डोळे पुसून म्हणालीस, आपल्यात हे बोलत नाहीत, म्हणून होत नसेल का? मी म्हणाले, नसेलच होत. तू म्हणालीस, होतं, पण त्याला शब्द नसले की ते डब्यात भाजी जास्त घालण्यावर जातं. त्यानंतर आप्पांचा डबा भरताना मी तुझ्या हाताकडे बघायला लागले.

जाड पुस्तक तू एकच घेतलंस, तेही त्यात पुष्कळ लहान गोष्टी होत्या म्हणून. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रेमकथा एकत्र बांधलेल्या. सुरतेत ती प्लेगची साथ आली आणि सगळी सुरत गावाकडे पळाली, तेव्हा तू पिशवीत तुझ्या लेकीचे, रंजूचे कपडे घेतलेस, दोन साड्या घेतल्यास आणि हे पुस्तक घेतलंस. गावाने आपल्याला गावात घेतलं नाही. सुरतवाले रोग घेऊन आले म्हणून खळ्यात ठेवलं. सासूबाईंनी भाकरी दुरून ठेवली आणि पदर तोंडाला लावून परत गेल्या. सख्खी माणसं बांधापलीकडून बोलत होती. कुणी हात लावत नव्हतं म्हणून माझं अंग दुखत होतं. त्या खळ्यात तू रोज एक गोष्ट वाचलीस. रोज एकच. दुसरी मागितली तर देत नव्हतीस, उद्यासाठी काहीतरी पाहिजे म्हणायचीस.

त्या पुस्तकात विधवा होती, भाजीवाली होती, पन्नाशीची प्राध्यापक बाई होती, पायाने अधू मुलगी होती. काहींचं जमलं, काहींचं नाही. जिचं नाही जमलं तिची गोष्ट संपली की मी गप्प व्हायचे. तू म्हणायचीस, पान उलट, दुसरीचं जमेल. एकाच पुठ्ठ्यात इतक्या जणींना बांधलंय ते उगाच नाही. एकटीचं पुस्तक असतं आणि तिचं फसलं असतं तर आपण कुठे गेलो असतो?

परत आलो तेव्हा मंगल आपल्या ओट्यावर येऊन बसायला लागली. मागच्या चाळीतली, अकोल्याकडची, बाप सेंटरिंगच्या कामावर. ती तिचं पोटलं घेऊन यायची, कारण एकीने वाचलेलं तिघींना ऐकू येतं. कधी मान वर करायची नाही. एक दिवस गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "असं खरंच होते का वं आक्का?"

तू धागा कापलास. "होतं की," तू म्हणालीस. "शंभर पानांपर्यंत होतं."

मी तेव्हा हसले. मंगल हसली नाही. तिने त्यातलं अर्धंच ऐकलं होतं.

सचिन भागातल्या एका रंगाच्या मिलमध्ये काम करणाऱ्या बिपिन नावाच्या ओडिया मुलावर तिचं मन बसलं होतं, हे आपल्याला नंतर कळलं. बापाने तिचं गावाकडच्या एका बिजवराशी ठरवलं, तेव्हा ती भर दुपारी आली आणि नुसती उभी राहिली. हातात पिशवी होती. मी तिला म्हणाले, जाऊ नको, तुझी आई मरेल. तू आधी मांडीवरची साडी पूर्ण केलीस, घडी घातलीस, आत गेलीस, तुझ्या भावाने घेतलेली नवी साडी आणून तिच्या पिशवीत घातलीस आणि तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत जाऊन तिला रिक्षात बसवून आलीस. मी विचारलं, हे काय केलंस? "तिची गोष्ट सुरू तर होऊ दे," तू म्हणालीस. आणि तू पुन्हा कात्री घेतलीस.

संध्याकाळी मंगलचा बाप चार माणसं घेऊन आला. त्याने शिवी दिली नाही. तो आप्पांना म्हणाला, की तुमच्या घरातल्या बाईने पुस्तकं वाचून दाखवून माझी पोरगी नासवली. मग तो खाली बसला आणि माणसांसमोर रडला. आप्पा उभेच होते. दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, सगळी पुस्तकं जुन्या चादरीत बांधली आणि रद्दी घेणाऱ्या पस्तीवाल्याला देऊन आले. तुझ्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. चढवला असता तर तू बोलली असतीस. तू चादर धुऊन वाळत घातलीस.

मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी, धागे कापताना, तू मान वर न करता बोलायला लागलीस. धरणाची कॉलनी, नवी शिक्षिका. शब्दाला शब्द. गोष्टी लहान होत्या म्हणून तुझ्या डोक्यात मावल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. माझ्या जाड कादंबरीतलं मला नायिकेचं नावसुद्धा आठवत नव्हतं. त्या दिवशी मी आपल्या भांडणात हरले होते, पण कबूल केलं नाही. हळूहळू तुझ्या गोष्टी एकमेकींत मिसळू लागल्या. ज्या विधवेचं पुस्तकात जमलं नव्हतं तिला तू एकदा दुसऱ्या गोष्टीतल्या पोस्टमास्तराशी भेटवलंस. मी म्हणाले, हा या गोष्टीतला नाही. तू म्हणालीस, एकाच पुस्तकात राहत होते, कधीतरी भेटलेच असते.

मग मंगलची बातमी आली. बिपिन आईच्या आजारपणाला गावी गेला आणि परत आला नाही. मंगल शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला एका खोलीत होती, तान्ह्या मुलीसह. आपण दोघी गेलो. खोलीत एक स्टोव्ह, एक दोरी, दोरीवर बाळाची लंगोटी आणि तू दिलेली साडी, मधोमध फाडून बाळासाठी दोन केलेली. मंगलच्या गालाची हाडं वर आली होती. तिने आपल्याला पाणी दिलं. आईबद्दल विचारलं. तिची आई तेव्हापासून कुणाला दार उघडत नाही हे आपल्याला माहीत होतं; आपण बरी आहे म्हणालो.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी म्हणल्या होत्या होते म्हणून."

"हो," तू म्हणालीस.

"झालं होतं. खोटं नाई सांगत. थोडेक महिने झालं होतं."

तू बाळाला मांडीवर घेऊन बसलीस. परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, बघितलंस, शंभर पानांनंतर काय असतं ते? मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. तू खिडकीबाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, ती 'झालं होतं' म्हणाली, ते तू ऐकलं नाहीस का? मी म्हणाले, ऐकलं, पण ते पुरलं का तिला? तू उत्तर दिलं नाहीस. या प्रश्नाचं तुझं उत्तर मला पाहिजे होतं, आक्का. अजून पाहिजे आहे. तू चूक होतीस असं मला सिद्ध करायचं नव्हतं. मला माहीत करून घ्यायचं होतं.

त्यानंतर तू गोष्ट सांगितली नाहीस. महिन्यातून एकदा कोसाडला जायचीस, मंगलसाठी आपल्यातलं थोडं काम घेऊन, आणि येऊन नुसते धागे कापायचीस. ओट्यावर फक्त लूमची खटखट. रंजू एकदा म्हणाली, काकी, आई आता गोष्टी का सांगत नाही? मी सांगितलं, दमते. रंजू गुजराती शाळेत जाते, तिला मराठी अक्षर वाचता येत नाही. तिला जे मिळालं ते तुझ्या तोंडून मिळालं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ फिरली. घरोघरी एकजण पडला. तू पिवळे डोळे घेऊन तशीच काम करत राहिलीस. आप्पांनी कुठूनतरी मंतरलेली माळ आणून तुझ्या गळ्यात घातली, ती लांबत गेली की कावीळ उतरते म्हणे. माळ लांबली आणि तू आखडत गेलीस. शुद्ध हरपायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरने आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं ते आप्पांनी मला सांगितलं नाही, पण ते येऊन तुझ्या पायापाशी बसले आणि तुझा पाय धरून ठेवला. चारचौघांत आप्पांनी तुला हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस आणि मला म्हणालीस, एक सांग. मी तुझी ऐकणारी, मी कधी तोंडाने सांगितली नव्हती. धरणाच्या कॉलनीपासून सुरू केली. गैरसमजापर्यंत आले तसा तू हात हलवलास.

"शेवट राहू दे," तू म्हणालीस. "दुसरी सुरू कर."

मी दुसरी सुरू केली. ती दोघं भेटली तशी तू पुन्हा म्हणालीस, दुसरी. मग तिसरी. बाजूच्या खाटेवरची गुजराती बाई, तिला अर्धंमुर्धं कळत असावं, आपल्याकडे कूस करून पडली होती. प्राध्यापक बाई पहिल्यांदा त्या बागेत गेली, पोस्टमास्तर पहिल्यांदा त्या गावात उतरला, आणि प्रत्येक वेळी तू मला तिथेच थांबवलंस. मी भाजीवालीची सुरू केली. ती टोपली उतरवून रस्त्याच्या कडेला बसते, आणि समोरच्या सायकलच्या दुकानातला माणूस तिच्याकडे बघतो. या वेळी तू थांबवलं नाहीस. मी पुढे सांगत गेले. मला बरं वाटलं, आज तुला हिची पूर्ण ऐकायची आहे असं वाटलं. किती वेळ मी एकटीच सांगत होते, मला माहीत नाही. त्या गुजराती बाईने उठून माझ्या खांद्याला हात लावला.

तुला घरी आणलं, न्यायची वेळ झाली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मंगल उभी होती, कडेवर मुलगी. आत आली नाही. खांदा द्यायला मंगलचा बापही आला होता. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि जागा दिली. तो तुला खांद्यावर घेऊन आपल्या मुलीच्या अगदी जवळून गेला. त्याने मान वळवली नाही. मंगलने मुलीचा चेहरा पदराने झाकला. तुझ्या गोष्टीत यांना भेटवलं असतंस तू. इथे तसं काही झालं नाही.

लोक म्हणतात, सुटली. कशातून, ते कुणी सांगत नाही. मला राग येतो. कधी तुझाही येतो. पिवळे डोळे घेऊन धागे कापत बसलीस, एका शब्दाने बोलली नाहीस. आणि मग लगेच ती पहिली दुपार आठवते, माझ्या हातात ठेवलेलं ते पातळ पुस्तक, आणि राग टिकत नाही. मी तुझ्याशी भांडत होते कारण या घरात माझं बोलणं ऐकून त्याला उत्तर देणारी तू एकटी होतीस. आता मी कुणाला उलट बोलू?

आज दुपारी आप्पा घरीच होते. तू गेल्यापासून आज ते पहिल्यांदा पाळीवर जाणार होते. मी ओट्यावर गप्प बसलेली बघून ते दारात आले.  मग म्हणाले, ती काय सांगायची तुम्हाला? मी म्हणाले, गोष्टी. ते म्हणाले, एखादी सांग. लहान असेल ती.

मी पायाने अधू मुलीची सांगितली, तुझ्यासारखी, मान खाली घालून, धागे कापत. तिला नदीपलीकडच्या शाळेत नोकरी लागते. नावाडी तिला रोज नेतो, रोज आणतो, आणि एक शब्द बोलत नाही. पावसाळ्यात नाव बंद होते. नदी उतरल्यावर पहिल्या दिवशी ती काठावर येते, तर तो आधीच येऊन बसलेला. तो म्हणतो, मी रोज येत होतो, नाव बंद होती तरी. तिथे गोष्ट संपते. मी सांगायचं थांबवलं.

आप्पा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मंग पुढे काय व्हयनं?"

मी म्हणाले, "पुढे नाही आप्पा. एवढीच आहे."

"असं कसं," ते म्हणाले. "आत्तेच त भेटनात दोन्ही."

मी पुढची साडी मांडीवर घेतली. ते उठले, चपला घातल्या आणि पाळीवर गेले.